मध्यरात्रीचे मतदान

अमेरिकेच्या ईशान्येस न्यू हँपशायर नावाचे एक लहानसे राज्य आहे. त्याच्या अगदी उत्तरेस, कॅनडाच्या सरहद्दीपासून जवळच, डोंगरांच्या खिंडीत डिक्सव्हिल नॉच ही वस्ती वसली आहे. वस्ती म्हणावयाची ती केवळ उपचाराने. कारण तेथील मतदार बोटांवर मोजता येतात. तथापि, दर चार वर्षांनी नोव्हेंबरमध्ये येणाऱ्या त्या मंगळवारी, मध्यरात्रीचे बारा वाजताच हे मूठभर लोक अध्यक्षाच्या निवडणुकीसाठी मत देतात, आणि काही मिनिटांतच त्यांचा निकाल जगभर पोचतो. नोंदलेल्या सर्व मतदारांनी मत दिले की केंद्र बंद करून मोजणी करावी, अशी तेथील कायद्यात मुभा आहे.

ही प्रथा तेथे १९६० पासून चालत आली. तिचे जनक नील टिलटसन नावाचे रबराचे कारखानदार. त्यांच्या बाल्सम्स हॉटेलात हे मतदान होत असे. त्याच राज्यातील हार्ट्स लोकेशन या गावाने मात्र त्यापूर्वीच, १९४८ मध्ये, मध्यरात्री मत दिले होते. त्यामागचे कारण मला अधिक भावते. तेथील रेल्वेच्या कामगारांना भल्या पहाटे कामावर जावे लागे. मत बुडू नये म्हणून त्यांनी झोप बुडविली!

डिक्सव्हिलचा कौल हा साऱ्या देशाचा शकुन आहे, असे वृत्तपत्रकार मोठ्या हौसेने लिहितात. प्रत्यक्षात १९६० साली तेथील नऊच्या नऊ मते निक्सन यांना पडली आणि अध्यक्ष झाले केनेडी. २०१६ मध्ये तेथे हिलरी क्लिंटन पुढे होत्या, आणि देशाने ट्रम्प यांना निवडले. तेव्हा शकुनाची गोष्ट सोडून देऊ.

मला अस्वस्थ करतो तो निराळाच मुद्दा. २०२० साली तेथे पाच मते पडली, ती पाचही बायडेन यांना. आता सांगा, गुप्त मतदानातील गुप्तता उरली कोठे? पेटी बंद होती, पत्रिका घडी केलेली होती, परंतु निकाल वाचताक्षणीच प्रत्येकाचे मत चव्हाट्यावर आले. याउलट २०१२ साली तेथे पाच-पाच आणि २०२४ साली तीन-तीन अशी मते समसमान विभागली गेली. त्या दोन्ही वेळी मतदाराच्या डोक्यावरचे पांघरूण शाबूत राहिले. म्हणजे पाहा, जेथे मतभेद आहे तेथे व्यक्ती सुरक्षित, आणि जेथे एकमत आहे तेथे ती उघडी!

तेथील लोकांना याची खंत नसावी. कॅमेऱ्यांसमोर ते आपखुषीने येतात. शिवाय न्यू इंग्लंडच्या गावांतून वर्षातून एकदा नगरसभा भरते, तीत रस्त्याचा नि शाळेचा खर्च गावकरी बहुधा हात वर करूनच मंजूर करतात. मात्र न्यू हँपशायरच्या कायद्याने एक शहाणपण राखले आहे : सभेतील पाच मतदारांनी लेखी मागणी केली, तर त्या प्रश्नावर चिठ्ठीनेच मत घ्यावे लागते. ज्याला शेजाऱ्याची भीड पडते, त्याच्यासाठी ही पळवाट नव्हे, आधार आहे.

भीड! आपल्या गोव्यातील पंचायतीचा एक प्रभाग म्हणजे काही शे मतदार. कोणत्या घरात किती मते, याचा हिशेब तोंडपाठ असणारी माणसे प्रत्येक वाड्यावर असतात. एका निवडणुकीनंतर माझ्या वर्गातील दोन मुले, जी एका बाकावर बसत, ती दोन टोकांना बसू लागली. कारण विचारले तर दोघेही खाली मान घालून उभे. घरची फूट वर्गात आली होती.

हा प्रश्न लहान गावांपुरताच नाही. मतपत्रिकांच्या काळी, आवश्यक वाटेल तेथे अनेक केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची तरतूद आपल्या नियमांत होती. यंत्रे आल्यावर प्रत्येक केंद्राचा कल स्वच्छ दिसू लागला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम करणारे उपकरण वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचविले. विधी आयोगानेही २०१५ मध्ये तशी शिफारस केली. माझ्या मते ती स्वीकारण्याजोगी आहे. ज्या वस्तीने आपल्याला मत दिले नाही तिचा नळ कोरडा ठेवण्याचा मोह उमेदवाराला होऊच नये, यासाठी ती वस्ती कोणती हे त्याला कळता कामा नये.

यंदा वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत मी हा विचार अमलात आणून पाहिला. घडी घातलेल्या चिठ्ठ्या दोन विद्यार्थ्यांनी मोजल्या, आणि मी केवळ विजयी मुलीचे नाव जाहीर केले. आकडे सांगितले नाहीत. पराभूत उमेदवाराला शून्य मते पडली असती तर, हा विचार माझ्या मनात होता. तोच मागच्या बाकावरून एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘सर, आकडेच सांगितले नाहीत, तर मोजणी खरी झाली हे आम्ही कशावरून मानावे?’’

डिक्सव्हिलच्या लोकांना हा प्रश्न कधी पडत नसेल; पाच मते कोणीही मोजू शकतो. माझ्याजवळ मात्र त्या क्षणी उत्तर नव्हते. तो तास संपेपर्यंत आम्ही त्यावरच वाद घातला, आणि भूगोलाचा धडा राहून गेला.