रस्ता विचारायची लाज कसली?

मैत्रिणींनो, परगावी जाताना शिदोरी काय न्यावी, हे आपण या सदरात मागे पाहिलं. त्यावर एका वाचक भगिनीनं विचारलंय, "शिदोरीचं समजलं हो ताई, पण लेकीला फुटबॉलच्या सामन्याला परगावी न्यायचं म्हटलं की आम्हाला मैदानच सापडत नाही. एकदा पोचलो तेव्हा गोलाची जाळी काढून झाली होती. घरचे म्हणतात, रस्ते माहीत नाहीत तर जाता कशाला? यावर काही उपाय सांगाल का?"

पत्र वाचून आधी हसू आलं. मग माझीच एक गोष्ट आठवली आणि हसू जिरलं. ती गोष्ट आजवर कुणाला धड सांगितली नव्हती. तुम्हाला सांगते, म्हणजे उपायही त्यातूनच निघतील.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय चीज आहे, ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... पेठापेठांतल्या तालमी आणि मंडळंच मैदानात उतरतात. इथलाच अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. शाहू स्टेडियमचा रस्ता आम्हाला कधी विचारावा लागत नाही. सामना असला की गलक्याच्या दिशेनं चालू लागायचं, झालं! पण घरचं मैदान वेगळं आणि परगावचं वेगळं, हे मला पुण्याच्या वाटेवर कळलं.

माझी धाकटी तेव्हा शाळेच्या संघात होती. सामना पुण्याला, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात, सकाळी दहाला. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. पहाटे चारला दोन गाड्या निघाल्या. पुढच्या गाडीत सर आणि आठ मुली. मागच्या गाडीत पाच मुली, पोह्यांचे डबे, केळ्यांचा घड आणि मी. आमच्या पाचजणींत संघाची गोलकीपर होती. तिचे हातमोजेही अर्थातच आमच्याच गाडीत.

साताऱ्यापर्यंत पोरींनी गाणी म्हणून गाडी डोक्यावर घेतली. पुढे डोळे मिटले. कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, वारजे गेलं, चांदणी चौक गेला. गाडीवाले भाऊ फोनवरच्या नकाशाकडे बघत चालले होते. सरांची गाडी केव्हाच पुढे निघून गेलेली. बाणेर मागे पडलं आणि मला डाव्या हाताला पाटी दिसली. क्रीडा संकुल! बाणही डावीकडचाच.

मैत्रिणींनो, पाटी मला दिसली. मी वाचली. आणि मी गप्प बसले.

का, ते सांगते. लग्नाला इतकी वर्षं झाली, शेकडो वेळा प्रवास झाला, पण गाडी चालवणाऱ्याला रस्त्याबद्दल कधी काही बोलले नव्हते. एकदा नवीन असताना बोलले होते, तेव्हा गाडीतली सगळीच हसली होती. त्यानंतर आपलं काम ठरून गेलं. मागं बसायचं, डबे सांभाळायचे, कुणाला उलटी होतेय का बघायचं. रस्ता हे आपलं खातंच नाही! वाटलं, भाऊंना दिसलीच असेल की पाटी.

भाऊंना दिसली नव्हती. बाजूच्या सर्व्हिस रोडला उतरायचं, ते आम्ही हमरस्त्यानंच पुढे. मुळा नदीचा पूल आला, वाकड आलं. फोनमधली बाई सांगत होती एक, भाऊ करत होते दुसरं. गोंधळात किवळ्यापाशी मुंबईच्या द्रुतगती मार्गावर गाडी चढली. त्या रस्त्याचं असं आहे, की एकदा चढलं की मनाला येईल तिथं वळता येत नाही. बाहेर पडायची वाट येईपर्यंत निमूट पुढे जायचं. तळेगावजवळ बाहेर पडलो, तोंड फिरवलं, तर परतीच्या रस्त्याला ही गर्दी! वर बालेवाडीत शिरून "बालेवाडी कुठं?" विचारलं. लोक म्हणाले, "हीच की!" गाव बालेवाडी, फाटा बालेवाडी, बाजाराचा मोठा रस्ता बालेवाडी आणि आम्हाला हवं ते संकुल हमरस्त्याच्या कडेला म्हाळुंगे-बालेवाडीत. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं एवढं मोठं संकुल. पण आम्ही नुसतं गावाचं नाव घेऊन फिरत बसलो.

तिकडे दहा वाजले. फुटबॉलचा नियम असा, की किमान सातजणी असल्या तर सामना सुरू होतो. सरांकडे आठजणी होत्या, तेव्हा थांबायचं कारणच नव्हतं. बचाव फळीतली एक मुलगी दुसऱ्या रंगाचा अंगरखा मागून घेऊन रिकाम्या हातांनी गोलात उभी राहिली. आम्ही पोचलो तेव्हा मध्यंतर होतं आणि दोन गोल चढले होते. आमच्या पोरी पंचांना विचारून मैदानात गेल्या. दुसऱ्या डावात एकही गोल घेतला नाही, उलट एक केला. पण एक तो एकच. हरलो.

परतताना गाणी नव्हती. गोलकीपर पोरगी माझ्या शेजारी बसली होती, मोजे मांडीवर ठेवून. हळूच म्हणाली, "काकी, मला जाग होती. डावीकडची पाटी मी बघितली होती. पण तुम्ही मोठ्या गप्प होता, म्हणून मीबी गप्प बसले."

तुम्हाला खरं सांगते, दोन गोल परवडले, पण हे वाक्य नाही. रस्ता चुकणं हा काही गुन्हा नव्हे. पण माहीत असून गप्प बसायचं, हे मी त्या पोरीला न शिकवता शिकवलं होतं.

असो. आता कामाचं बोलू. त्या दिवसानंतर मी जे शिकले, ते तुमच्यासाठी.

निघण्याआधी

मैदानाचं नुसतं नाव घेऊन निघू नका. आपल्याकडे थोरांची नावं गावोगाव दिलेली असतात. शिवाजी स्टेडियम कोल्हापुरात आहे, कराडला आहे, सांगलीला आहे आणि रत्नागिरीतही आहे. डी. वाय. पाटील स्टेडियम नव्या मुंबईत नेरुळला; पण त्याच नावाची कॉलेजं कोल्हापुरात आहेत, पुण्याच्या आसपासही आहेत. गोव्यात मडगावच्या स्टेडियमला कागदावर नेहरूंचं नाव आहे, लोक मात्र फातोर्डाच म्हणतात. बांबोळीच्या मैदानाच्या नावात जीएमसी आहे, आणि शेजारी त्याच नावाचं मोठं इस्पितळ. नुसतं "जीएमसी कुठं?" विचाराल तर लोक काळजीनं इस्पितळाकडे धाडतील! तेव्हा चार गोष्टी लिहून घ्या: कागदावरचं नाव, लोकांच्या तोंडचं नाव, कुठलं फाटक आणि जवळची ठळक खूण. फाटकाचं विसरू नका. संकुलं मोठी असतात. मागच्या भिंतीशी पोचून उपयोग नाही.

हे सगळं फोनमध्ये असलं तरी कागदावरही लिहा. फोनची बॅटरी नको तेव्हा संपते. वाटेत घाट असेल तर नकाशा आदल्या रात्रीच घरी फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण डोंगरात रेंज जाते-येते. आणखी एक बारकावा. आपण पुलावर आहोत की पुलाखालच्या सर्व्हिस रोडला, हे त्या नकाशाला पुष्कळदा उमगत नाही. दोन्ही रस्ते त्याला एकावर एक दिसतात. म्हणून पूल आला की फोनवरचा डोळा काढून पाटीवर ठेवायचा.

दोन गाड्या असतील तर माणसं आणि सामान नीट वाटा. दोन्ही गाड्यांत किमान सात-सात मुली बसणं दरवेळी जमत नाही, पण गोलकीपर सरांच्या गाडीत बसवता येते. ओळखपत्रांची फाइल एका गाडीत, झेरॉक्स दुसरीत. खाणं दोन्हीकडे थोडं थोडं. खेळणाऱ्या मुलींना भरपेट न्याहारी सामन्याआधी तीनेक तास द्या. कमी तेलाचे पोहे किंवा दशमी चालते. मग तासभर आधी एखादं केळं पुरे. उशीर झाला म्हणून गाडीतच पोह्यांचा डबा रिकामा करून पोरींना धावायला लावू नका.

रस्ता विचारताना

"हाच रस्ता ना बालेवाडीला?" असं कधी विचारू नये. माणूस भला असतो, घाईत असतो. "हो हो" म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी विचारा, "हा रस्ता कुठं जातो?" किंवा "संकुलाला कसं जायचं?" मग त्याला खरंच माहीत आहे की नाही, ते लगेच कळतं. तोंडानं डावीकडे म्हणाला आणि हात उजवीकडे केला, तर हातावर विश्वास ठेवा. एकाला विचारून थांबू नका. पुढं जाऊन दुसऱ्यालाही विचारा. रिक्षावाले, पेट्रोलपंपावरची पोरं, टपरीवाले यांना रस्ते पाठ असतात. आणि "हे काय, पाच मिनिटं" याचा अर्थ पंधरा मिनिटं, एवढं धरूनच चला.

चुकलोच तर

चुकलो आहोत असं वाटलं की लगेच बोला. पुढं कुठंतरी सापडेल, या आशेवर जितकं पुढं जाल तितकं परतावं लागतं. पण गाडी भर रस्त्यात उभी करू नका, मागेही घेऊ नका. हमरस्त्यावर ते जिवावरचं काम. पेट्रोलपंप किंवा मोकळी जागा बघून थांबा. सरांना फोन करा, खरी वेळ सांगा. दहा मिनिटांत येतो म्हणून तासभर झुलवू नका. फोनवर एकानंच बोलावं, बाकीच्यांनी गप्प. गाडीवाल्या भाऊंवर आवाज चढवू नका, घाबरलेल्या माणसाचं पुढचं वळणही चुकतं.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. गाडीवाल्याशेजारी जागते डोळे हवेत. ती जागा आपण घ्यायची. पाट्या मोठ्यानं वाचायच्या. कुणी हसलं तर हसू दे.

त्यानंतरच्या वर्षी पोरींचा सामना मडगावला होता. मी पुढच्या सीटवर बसले, मांडीवर कागद. निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, येईल ती पाटी मोठ्यानं वाचली. आंबोलीच्या घाटात फोन मुका झाला, पण कागद बोलत होता. मडगावात शिरल्यावर मी मात्र कागदावरचंच नाव घेऊन विचारलं, तेव्हा एक मासळीवाली हसून म्हणाली, "फातोर्डा म्हण गो बाय!" एक वळण तरी चुकलोच. दहा मिनिटं गेली. तरी सामन्याआधी सव्वा तास पोचलो होतो. पोरींनी झाडाखाली बसून निवांत केळी खाल्ली. सामना एक-एक असा बरोबरीत सुटला.

परत निघताना मी पुढच्या सीटवर चढायला गेले, तर गोलकीपर पोरगी आधीच तिथं बसलेली. हात पुढं करून म्हणाली, "काकी, तो कागद द्या हिकडं. आता मी वाचते."

मी मागं बसले. डबे सांभाळले. बांद्याच्या अलीकडे ती जोरात ओरडली, "भाऊ, उजवीकडं नाही, सरळ!" गाडीत कुणीही हसलं नाही.

तेव्हा, पत्र लिहिणाऱ्या ताई, घरच्यांना सांगा की रस्ते कुणाला जन्मतः माहीत नसतात. ते विचारून आणि चुकूनच माहीत होतात. तुमची लेक पुढच्या सामन्याला वेळेवर पोचली की मला जरूर कळवा. नाही पोचली, तर कुठं चुकलात तेही कळवा. इतर मैत्रिणींच्या उपयोगी पडेल.

पुढच्या अंकात पावसाळ्यात बुटांना आणि खेळाच्या कपड्यांना येणारा कुबट वास कसा घालवावा, ते पाहू.