भातुकली तिला, पाना-स्क्रू त्याला?

नाताळ जवळ आला की शेजारच्या घरातून करंज्या तळल्याचा वास येतो. दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडे, नाताळला त्यांचं आमच्याकडे, ही आमची जुनी रीत. मुलांना भेट मात्र मी हौसेने नेते.

मागच्या वर्षी धाकट्याला बॅटरीवर चालणारं, बटण दाबलं की ए-बी-सी-डी म्हणणारं खेळणं नेलं. खोक्यावर ‘बुद्धी वाढवणारं’ असं लिहिलेलं. पठ्ठ्याने दहा मिनिटं बटणं दाबली आणि मग खोक्यातच शिरून बसला. खोक्याची बस झाली! सात वर्षांच्या थोरलीला भातुकली दिली. ती हळूच म्हणाली, ‘‘काकू, मामाने दादाला पाना-स्क्रूचा सेट दिलाय. मला का नाही?’’

मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीत मुलींच्या शिक्षणावर तावातावाने बोलणारी मी, त्या दिवशी गप्प झाले. भातुकली वाईट नाही हो. पण ती फक्त मुलीलाच का, हे मला दुकानात सुचलंच नव्हतं.

यंदा मी अरविंद गुप्तांचा खेळ नेणार आहे. आयआयटीत शिकलेल्या या माणसाने टाकाऊतून विज्ञानाची खेळणी केली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. टोकं खरवडलेल्या आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, एवढंच सामान. नळीच्या तुकड्यांनी काड्या जोडायच्या. चौकोन केला की दाबल्यावर तिरका होतो, त्रिकोण मात्र हलत नाही. पत्र्याच्या छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे न सांगता कळतं. खर्च म्हणाल तर चहाच्या दोन कपांचा.

विकतच आणायचं तर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची झाली आहे. तीन वर्षांखालच्यांना सुटे बारीक तुकडे नकोत. आणि बटणासारखा चपटा सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे आधी पाहा. गिळला तर अन्ननलिका भाजते, लगेच दवाखाना गाठावा लागतो. धाकट्यांना सावंतवाडीच्या लाकडी भाज्या-फळंही छान. घरातले डबे-झाकणं तर फुकटच!

थोरलीची आई म्हणते, ‘‘ताई, घरभर काड्यांचा पसारा होईल.’’ होणारच. झाडायला मी येते, असं सांगून ठेवलंय.