इंटरनेटचा आरंभ : १५ ऑगस्ट १९९५ ही तारीख अपुरी का?

१/ भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले, असे आपण वाचतो. त्या दिवशी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी सेवा खुली केली, हे खरेच. परंतु सेवा खुली होणे आणि संवाद सुरू होणे या निराळ्या घटना आहेत. संवादाचा इतिहास अधिक जुना आहे आणि तो आपल्या हातून निसटतो आहे. #थ्रेड

२/ १९८६ साली केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ प्रकल्प हाती घेतला. १९८७ पर्यंत मुंबईत जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवरून ई-मेल जाऊ लागले. एक संगणक दुसऱ्यास फोन लावी व साठलेले निरोप एकगठ्ठा पाठवी. जणू टपालाची थैलीच.

३/ पुढे हौशी मंडळींचे ‘बुलेटिन बोर्ड’ आले. घरचा संगणक, मोडेम आणि टेलिफोन एवढेच भांडवल. एका लाइनवर एका वेळी एकच पाहुणा. त्याने वाचावे, उत्तर लिहावे, फोन ठेवावा. मग पुढच्याची पाळी.

४/ हा इतिहास शहरी का राहिला? आमच्या पारगावातून मुंबईचा बोर्ड गाठायचा, तर मिनिटागणिक एसटीडीचा दर. याच दशकात जवळच्या खोडद परिसरात जीएमआरटी दुर्बिणीच्या ३० अँटेना प्रकाशतंतूंनी जोडल्या जात होत्या. तंत्र शिवारापर्यंत आले होते. ते गावकऱ्यांच्या संवादासाठी नव्हते.

५/ परदेशी विद्यापीठांतील मराठी मंडळींना मात्र युजनेट सहज उपलब्ध होते. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या गटात मराठी रोमन लिपीत लिहिली जाई, कारण ती व्यवस्था मुख्यतः रोमन अक्षरांसाठीच घडली होती. आपण मोबाइलवर रोमनमध्ये मराठी लिहितो, त्या सवयीचे हे पूर्वज.

६/ युजनेटचे संदेश ‘डेजा न्यूज’ने साठवले, २००१ साली तो संग्रह गूगलने घेतला. म्हणजे आपल्या भाषेचे एक दप्तर परदेशी कंपनीच्या स्वाधीन आहे. बुलेटिन बोर्डांना तेवढेही भाग्य लाभले नाही. मालकाने संगणक मोडीत काढला की सारा संवाद नष्ट.

७/ मोडी कागदांसाठी आपण वाड्यांचे माळे धुंडाळतो. तीच आस्था फ्लॉपींनाही हवी. घरातील काका-मावशींपैकी कोणी तेव्हा मोडेम वापरला असेल, तर जुन्या फ्लॉपी, छापील ई-मेल जपून ठेवा आणि त्यांच्या आठवणी तारखांसह लिहून घ्या. फ्लॉपीवरील चुंबकीय थर झिजतो. तिला कागदाइतके आयुष्य नाही.