पायाचा निर्णय कोणी घ्यावा?

रस्त्यांवरील अपघातांची वार्षिक आकडेवारी प्रसिद्ध झाली की मृतांच्या संख्येवर चार दिवस हळहळ व्यक्त होते आणि विषय मिटतो. २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली, हे सरकारी आकडे आहेत. त्याच तक्त्यात जखमींचा आकडा ४ लाख ४३ हजार ३६६ असा आहे. पण त्याकडे सहसा कोणी वळून पाहत नाही. या जखमींपैकी ज्यांचा पाय ट्रकच्या चाकाखाली चिरडला जातो त्यांच्यापुढे, आणि त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपुढे, पहिल्या काही तासांत एक अवघड प्रश्न उभा राहतो. पाय वाचवण्याचा यत्न करावा की तो कापून टाकावा? या प्रश्नाचे उत्तर काय, याइतकेच ते कोणी द्यावे हेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचा विचार अजून पुरेशा गांभीर्याने झालेला नाही.

एके काळी हा प्रश्न फारसा उद्भवतच नसे. हाड मोडून कातडीबाहेर आले की जखम सडणार आणि विष अंगभर भिनून रोगी जाणार, हा अनुभव असल्याने पाय कापणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग मानला जाई. जंतुनाशक औषधे आली, रक्तवाहिन्या सांधण्याचे तंत्र साध्य झाले, शरीराच्या एका भागातील स्नायू व कातडी रक्तवाहिनीसह उचलून दुसऱ्या भागावर बसवणे सूक्ष्मदर्शकामुळे शक्य झाले, आणि हे चित्र पालटले. लुब्लियाना येथील शल्यविशारद मार्को गोदिना यांनी ५३२ रुग्णांचा अनुभव १९८६ साली मांडला. उघडी जखम पहिल्या ७२ तासांत अशा जिवंत आवरणाने झाकली तर यशाचे प्रमाण वाढते आणि जंतुसंसर्ग घटतो, असे त्यातून दिसले. म्हणजे जो पाय पूर्वी निश्चित गेला असता तो आता राखता येऊ लागला.

पण राखता येतो म्हणून तो राखलाच पाहिजे काय? येथूनच खरी अडचण सुरू होते. चिरडलेला पाय वाचवणे ही एका शस्त्रक्रियेची गोष्ट नसते. हाड स्थिर करणे, मेलेले मांस वारंवार काढणे, आवरण बसवणे, हाडातील पोकळी भरणे, जंतुसंसर्ग झाला तर पुन्हा मागे येणे, अशी ती महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालणारी वाटचाल असते. तिच्या शेवटी रुग्णाच्या हाती वेदनेने भरलेला, निर्जीव आणि भार न पेलणारा पाय उरला, तर वैद्यकशास्त्र जिंकले आणि माणूस हरला, असेच म्हणावे लागेल.

अमेरिकेतील आठ मोठ्या अपघात-उपचार केंद्रांनी या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि ५६९ रुग्णांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर ज्यांचा पाय वाचवला ते आणि ज्यांचा कापला ते, यांच्या एकूण कार्यक्षमतेत लक्षणीय फरक आढळला नाही. कामावर परतणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत निम्म्याच्या आसपासच राहिले. मात्र पाय वाचवलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना एखाद्या गुंतागुंतीमुळे पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागले. पाय कापलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. त्याहून बोलका निष्कर्ष असा, की रुग्णाचे पुढे कसे होईल हे ठरण्यात त्याचे शिक्षण, दारिद्र्य, धूम्रपानाची सवय, घरच्यांचा आधार आणि स्वतःवरील विश्वास या गोष्टींचा वाटा मोठा होता. यांतील एकही गोष्ट क्ष-किरणांच्या चित्रात दिसत नाही. मग केवळ ते चित्र पाहून घेतलेला निर्णय पुरा कसा ठरावा?

जखमेला गुण देऊन निर्णय यांत्रिक करण्याचे प्रयत्नही झाले. १९९० साली मांडलेल्या एका अमेरिकी पद्धतीत सात किंवा अधिक गुण म्हणजे पाय कापणे, असा ठोकताळा होता. उपरोक्त अभ्यासाने तो तपासला, तेव्हा कमी गुण असलेला पाय बहुधा वाचतो हे खरे ठरले. पण जास्त गुण म्हणजे पाय गेलाच, हे खरे ठरले नाही. तळपायाची संवेदना गेली की पाय कापावा, असाही एक समज रूढ होता. ज्यांचे असे बधिर पाय तरीही राखले गेले, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांना दोन वर्षांत संवेदना परत आल्याचे २००५ मध्ये दिसून आले. कोइमतूर येथील गंगा रुग्णालयाने २००६ साली आपल्याकडील जखमांच्या अनुभवावरून जी गुणपद्धती सिद्ध केली, ती अधिक सूक्ष्म आहे. कातडी, हाड आणि स्नायू-मज्जातंतू यांचा ती वेगवेगळा विचार करते. मधुमेह, वय, उपचारास झालेला विलंब यांनाही जमेस धरते. तरीही मधल्या गुणांचा एक संदिग्ध पट्टा तिनेही मान्य केला आहे आणि तेथील निर्णय अनुभवी शल्यविशारदांच्या विवेकावर सोडला आहे. हा प्रामाणिकपणा मोलाचा आहे. गुणांचा तक्ता विचाराला मदत करील. विचाराची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणूनच हा निर्णय एकट्याने घेण्याचा नव्हे. अस्थिशल्यविशारदाला हाड दिसते, प्लॅस्टिक सर्जनला आवरणाची चिंता असते, रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाला घड्याळाचा काटा दिसतो. कारण रक्तपुरवठा तुटलेल्या पायाला सुमारे सहा तासांचाच अवधी असतो. भूलतज्ज्ञाला रुग्ण एवढा ताण सोसू शकेल काय, ही काळजी असते. पुनर्वसनतज्ज्ञ मात्र सहा महिन्यांनंतरचा माणूस पाहत असतो, आणि नेमका तोच आपल्याकडे या चर्चेत बहुधा नसतो. पाय कापून झाल्यावर त्याला बोलावले जाते. इंग्लंडमधील ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली स्पष्ट सांगितले, की हा निर्णय गुणांच्या आधारे घेऊ नये. अस्थिशल्यविशारद, प्लॅस्टिक सर्जन, पुनर्वसनतज्ज्ञ, खुद्द रुग्ण आणि योग्य तेथे त्याचे कुटुंबीय यांनी मिळून तो घ्यावा. आवरता न येणाऱ्या रक्तस्रावाने जीवच धोक्यात असेल तर तत्काळ पाय कापण्याची मुभा आहेच. एरवी विचारान्ती कापायचे ठरले तर ते ७२ तासांच्या आत व्हावे, असे तिचे म्हणणे आहे. म्हणजे पथकाने विचार करावा, पण चर्चेत दिवस घालवू नयेत, असा हा दुहेरी दंडक आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की अनेकांचा निर्णय म्हणजे कोणाचाच निर्णय नव्हे. समितीच्या आडोशाला जबाबदारी लपते. हा धोका खरा आहे. त्यावरचा उपाय म्हणजे पथकाचा एक प्रमुख नेमलेला असावा, प्रत्येकाचे मत कागदावर यावे आणि अंतिम सही त्या प्रमुखाची असावी. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गडचिरोलीत किंवा नंदुरबारला मध्यरात्री चार प्रकारचे तज्ज्ञ आणायचे कोठून? पण प्रत्येक तालुक्यात असे पथक बसवा, अशी मागणी कोणी करीत नाही. जखम स्वच्छ झाकावी, हाडाला आधार द्यावा, जंतुनाशक औषध तासाभरात द्यावे आणि रुग्ण योग्य केंद्राकडे विनाविलंब रवाना करावा, एवढे काम गावपातळीवर होऊ शकते. जखमेची छायाचित्रे मोबाइलवर क्षणात पोचतात. तिकडचे पथक इकडच्या डॉक्टरला सल्ला देऊ शकते. आज अनेकदा घडते ते असे, की रुग्ण एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरत राहतो आणि निर्णय अखेर डॉक्टर नव्हे, उशीर घेतो.

रुग्णाच्या संमतीचा प्रश्नही असाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात निर्वाळा दिला, की संमती ही पर्याय, त्यांतील धोके आणि परिणाम समजावून घेतलेली हवी. जीव वाचवण्यासाठी अपरिहार्य असेल तेथेच तिला अपवाद. परंतु व्यवहारात संमती म्हणजे घाबरलेल्या नातेवाइकाची छापील कागदावरची सही, असेच रूप तिला आले आहे. शेतात उकिडवे बसणारा, अनवाणी चालणारा माणूस आणि खुर्चीत बसून काम करणारा माणूस यांच्या दृष्टीने पायाचा अर्थ निराळा असतो. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूरला जो कृत्रिम पाय घडवला, त्याचे मर्म हेच होते, की तो मांडी घालून बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी होता. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण त्यांचा धडा रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांपर्यंत पुरता पोचला नाही. पाय कापणे म्हणजे उपचाराचा पराभव नव्हे, चांगल्या कृत्रिम पायाची ती सुरुवात असू शकते, हे सांगणारे कोणी तेथे उभे नसते.

शेवटी पैशाचा विचार टाळता येत नाही. अपघातग्रस्तांच्या रोकडरहित उपचारासाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये जी योजना अधिसूचित केली, तिच्यात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे संरक्षण आहे. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ते स्वागतार्ह आहे. पण वाचवलेल्या पायाचा हिशेब सात दिवसांत मिटत नाही आणि कृत्रिम पायही जन्मभर पुरत नाही. तो झिजतो, बदलावा लागतो. आठव्या दिवशी दागिने गहाण टाकण्याची वेळ येणार असेल, तर कुटुंबाने ‘कापा’ म्हटले काय किंवा ‘वाचवा’ म्हटले काय, ती निवड मोकळ्या मनाची राहत नाही.

महाराष्ट्राला हे काम आरंभापासून करायचे नाही. पुण्याचे लष्करी कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आणि मुंबईत हाजी अलीजवळची भौतिक उपचार व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था १९५५ पासून उभी आहे. मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिशल्य आणि प्लॅस्टिक सर्जरीचे विभाग आहेत. त्यांना एका टेबलाभोवती, एका वेळापत्रकात आणि एका लेखी निर्णयपत्रात आणणे एवढेच उरले आहे. प्रत्येक महसूल विभागात असे एक केंद्र निश्चित करावे, पुनर्वसनतज्ज्ञाला पहिल्याच दिवशी रुग्णाच्या खाटेपाशी आणावे आणि सरकारी योजनांची मुदत रुग्ण पुन्हा चालू लागेपर्यंत वाढवावी. अपघात कोणाच्या हातात नसतो. पण त्यानंतरचा निर्णय घाईने, एकट्याने किंवा पैशाच्या धाकाने होऊ नये, एवढे तरी शासनाच्या हातात आहे.