नवी मशीन सुरू होत नाही, दोष कोणाचा?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. चाकूरच्या बाजारात माझ्या कापडाच्या दुकानासमोर आपल्यातलाच एक तरुण सुतार डोक्याला हात लावून बसला होता. शेजारी खोक्यात नवीकोरी चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी लाकूड कापायची मशीन. बायकोची बोरमाळ मोडून आणि थोडी उधारी करून त्याने ती आणली होती. बांधावरच्या वाळलेल्या बाभळी कापून देण्याचे काम अंगावर घेतले होते आणि विसारही घेतला होता.

"चाचा, सकाळपासून पन्नास वेळा दोरी ओढली. मशीन खराबच निघाली. दुकानदार म्हणतो, खोके फोडले, आता परत घेणार नाही. मेकॅनिक म्हणतो, खोलून बघू."

मी म्हणालो, "बेटा, खोलू नकोस. खोललीस की वॉरंटी गेली. आधी सांग, तिच्यात टाकलेस काय?"

तो म्हणाला, "एका टाकीत पेट्रोल, दुसऱ्या टाकीत ऑइल. दुकानदाराने ऑइलची बाटली दिली होती."

ऐकून मी हादरलो. या मशीनला दोन टाक्या असतात, हे खरे. पण दुसऱ्या टाकीतले तेल फक्त साखळीला वंगण देते. इंजिनचे तेल वेगळे आणि ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, कारण हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. त्याने मिसळायचे तेल साखळीच्या टाकीत ओतले होते आणि इंजिनला कोरे पेट्रोल पाजले होते. मशीन सुरू झाली असती तर थोड्याच वेळात पिस्टन जाम होऊन ती कायमची बसली असती. सुरू झाली नाही म्हणूनच ती वाचली, अल्लाहचे शुक्र!

माझ्या वयाच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. आम्ही लूना, राजदूत आणि जुनी चेतक चालवली आहे. पंपावर गेलो की पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मागायचे, हे तोंडपाठ होते. डिकीत प्लगचा पाना असायचा. गाडी रुसली की प्लग काढून पुसायचा आणि पुन्हा किक मारायची. आजची मुले फोर-स्ट्रोक गाड्यांवर वाढली. त्यांनी मिसळायचे ऑइल पाहिलेच नाही. मग त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसे? सोबतची पुस्तिका इंग्रजीत. माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे मलाही ती धड वाचता येत नाही. आम्ही दोघांनी तिच्यातली चित्रे पाहून काम केले.

दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या. ताजे मिश्रण तयार केले आणि साखळीचे तेल वेगळे आणवले. प्लग काढला तर तो पेट्रोलने ओला चिंब. चोक बंद ठेवून पन्नास वेळा दोरी ओढल्याने इंजिन ओव्हरफ्लो झाले होते. मशीनचे बटण बंद ठेवून, प्लग बाहेर असतानाच आठ-दहा वेळा दोरी ओढली, म्हणजे आत साचलेले पेट्रोल उडून गेले. अशा वेळी जवळ विडी, चूल किंवा ठिणगी नको. प्लग पुसून वाळवून बसवला, चोक उघडला, बटण चालू केले. चौथ्या ओढीला मशीन बोलली. त्या मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, तो ईदच्या दिवशीच पाहायला मिळतो.

आपल्या कारागीर भावांच्या हाती आता अशा मशिनी येत आहेत. म्हणून चार गोष्टी लिहून ठेवतो. मिश्रणाचे प्रमाण पुस्तिकेत असते. ५० ला १ असेल तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, २५ ला १ असेल तर ४० मिलिलिटर. अंदाजपंचे ओतू नये, मापाने घालावे. मिश्रण लागेल तेवढेच करावे, महिन्याच्या वर ठेवू नये. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे जुने पेट्रोल लवकर बिघडते. आपल्या मशीनला हे पेट्रोल चालते का, हे घेतानाच विचारावे.

सुरू करताना मशीन सपाट जमिनीवर ठेवावी, साखळीचा ब्रेक लावावा, मागच्या मुठीत उजवा पाय आणि पुढच्या मुठीवर डावा हात घट्ट ठेवावा. हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढू नये. बटण चालू आहे ना, हे पाहावे. पुष्कळदा दोष तेवढाच असतो. इंजिन थंड असेल तर चोक लावून दोरी ओढावी. एकदा 'फट्' असा आवाज आला की चोक कमी करावा आणि पुन्हा ओढावी. आवाज येऊनही चोक तसाच ठेवला की ओव्हरफ्लो ठरलेलाच.

आता मुद्द्याची गोष्ट. दोष कोणाचा? मशीनचा नव्हता. मुलाने विचारले नाही, हा त्याचा दोष. पण माझ्या मते मोठा दोष विकणाऱ्याचा. त्याने माल दिला, पैसे घेतले, पण माल वापरायचा कसा हे दिले नाही. ती अर्धीच विक्री झाली. मी सुती कापड विकतो तेव्हा गिऱ्हाइकाला सांगतो, आधी पाण्यातून काढा, मग शिवायला द्या. नाही सांगितले तर पहिल्या धुण्यात सदरा आखडतो. तेव्हा कापड खराब नसते, माझे तोंड बंद राहिलेले असते. पण गिऱ्हाईक म्हणते, दुकानदाराने फसवले. आणि ते चूक म्हणत नाही.

आपल्या दीनने व्यापाऱ्याला हे स्पष्ट शिकवले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आत धान्य ओले लागले. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कूफ्यात कापडाचा व्यापार करीत. त्यांच्याविषयी सांगतात की, एका थानातला दोष गिऱ्हाइकाला सांग असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला. तेव्हा त्या विक्रीची सगळी रक्कम त्यांनी सदका करून टाकली. दोष निघाल्यास माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क फिकहमध्ये खियार-ए-ऐब म्हणून ओळखला जातो.

देशाचा कायदाही तेच म्हणतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांच्या आत परत घ्यायला नकार देणे हीदेखील. तेव्हा "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे बिलावर छापून आपण सुटलो, असे कोणी समजू नये. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा कारागीर अवजार घेतो तेव्हा तोही या कायद्यात ग्राहकच असतो. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मात्र पक्के बिल हवे. चार पैसे वाचवायला बिनबिलाचा माल घेणारा आपला हक्क दुकानातच सोडून येतो.

यंत्रे विकणाऱ्या भावांना माझी विनंती आहे. खोके दुकानातच उघडा, मिश्रण करून दाखवा, मशीन एकदा गिऱ्हाइकाच्या हातून सुरू करून घ्या. पंधरा मिनिटे जातील, पण ते गिऱ्हाईक आणखी दहा जणांना आणील. आणि कारागीर भावांनो, विचारायला लाजू नका. मशीन दुकानात सुरू झालेली पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका. घरी आल्यावर बिघडली तर सबर ठेवा, पाना उचलू नका.

त्या मुलाने बाभळी वेळेत कापल्या. परवा तो दुकानात आला, मुलीच्या फ्रॉकसाठी कापड घेतले. पैसे देताना हसून म्हणाला, "चाचा, हे आधी भिजवायचे का?" मी म्हणालो, "हो बेटा, रात्रभर भिजव."