मालमोटारीवरील माणूस

पणजी, म्हापसे, मडगाव येथील मंडयांत पहाटे जी भाजी उतरते तिचा मोठा वाटा बेळगावच्या बाजारातून घाट उतरून गेलेला असतो, हे गोमंतकीय बंधूंना ठाऊक आहे आणि आपणांसही. ती कोणी पिकविली, कोणत्या अडत्याने घेतली, दर काय पडला, याची चर्चा दोहोंकडे होते. रात्रीतून चोर्ल्याच्या वळणांवरून ती कोणी नेली, हे मात्र कोणी विचारीत नाही. घाटात दरड कोसळली अथवा अवजड वाहनांना बंदी झाली, की गोव्यात भाजी महागते, इकडे कोबी बांधावर पडून राहतो आणि मालमोटारींची तेवढ्यापुरती आठवण होते. ती चालविणाऱ्या माणसाची तेव्हाही होत नाही.

दिल्ली-कोलकात्याकडे आठ-आठ दिवस जाणाऱ्या चालकांचे हाल निदान लोकांच्या कानांवर असतात. आम्ही आज बोलत आहो ते शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या, आपल्याच गल्लीत राहणाऱ्या चालकांविषयी. बेळगावहून कोल्हापूर काय किंवा चोर्ल्यावरून पणजी काय, अंतर ऐकून कोणीही म्हणेल, हे अर्ध्या दिवसाचे काम. वस्तुस्थिती अशी की चाक फिरते ते तास थोडे आणि चाक न फिरता जाणारे तास फार. दुपारी मार्केट यार्डात गाडी लावायची. लिलाव आटोपून पोती येईपर्यंत थांबायचे. हमालांची पाळी आली की थप्पी नीट लागते की नाही ते पाहायचे. ताडपत्री ओढून दोरखंड आवळायचे. उद्यमबागेतून कास्टिंग भरायचे असेल तर वजनकाट्याची रांग वेगळी. मग जांबोटी, कणकुंबी करीत घाटमाथा गाठायचा. पावसाळ्यात तेथे दिव्याचा उजेड धुक्यावरच आदळून परत येतो, आणि भरलेली गाडी ब्रेक तापू न देता, खालच्या गिअरवर उतरवावी लागते. निपाणीच्या बाजूस तवंदी घाटाचा उतारही अपघातांमुळे कुप्रसिद्धच आहे. पहाटे माल उतरला, की परतीच्या भाड्याची वाट पाहणे आले. ते न मिळाल्यास रिकाम्या फेरीचे डिझेल मालकाच्या अंगावर पडते, आणि मालक ते कोठून भरून काढतो हे सांगावयास नको.

फेरीवर पैसे मिळणाऱ्या चालकाला या थांबण्याचा छदामही मिळत नाही. व्यापाऱ्याचा उशीर, हमालांची टंचाई, काट्याची रांग, या साऱ्यांची किंमत तो आपल्या झोपेतून मोजतो. ती झोप पुढे घाटात त्याच्या डोळ्यांवर येते, आणि मग आपण वृत्तपत्रांतून ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’ असे वाक्य छापतो. आम्हीही छापतो.

कायदा नव्हता असे नाही. 1961 साली संसदेने मोटार वाहतूक कामगार कायदा केला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असे त्यात स्पष्ट होते. परंतु तो लागू होता पाच अथवा अधिक कामगार असलेल्या धंद्याला. आपल्याकडील मालक बहुधा एका-दोन गाड्यांचा. पुष्कळदा तोच मालक आणि तोच चालक. त्याहून लहान धंद्यांनाही हा कायदा लावण्याचा अधिकार राज्य सरकारांना त्याच कायद्याने दिला होता. तो वापरून आपल्या बाजारातील चालकाच्या पदरी काही पडल्याचे आम्ही पाहिलेले नाही. 2020 च्या संहितेत हा कायदा विलीन झाला. लहान मालकाच्या गाडीवरील माणसाला तेथेही सहज जागा मिळेल अशी चिन्हे नाहीत.

उलट कागदांच्या बाबतीत सरकार फार दक्ष. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके उठले, हे चांगलेच झाले; तेथील रात्र-रात्र ताटकळणे संपले. 2018 पासून ई-वे बिल आले. त्याची मुदत आता दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. कागदाला किती अंतराला किती वेळ लागतो याचा हिशेब झाला. माणसाला किती लागतो याचा कोणी केला नाही. जादा भार भरला तर 2019 च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये दंड, शिवाय दर जादा टनामागे दोन हजार. दंड योग्यच आहे. पण भार भरण्याचा आग्रह धरणारा रस्त्यावर नसतो, आणि अधिकाऱ्यापुढे उभा राहतो तो चालक.

जानेवारी 2024 मध्ये देशभरचे चालक काम सोडून बसले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, तेव्हा त्यांच्या म्हणण्याची दखल घेतली गेली. अपघातानंतर न कळविता पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे न्याय संहितेतील कलम 106 (2), बाकीची संहिता 1 जुलै 2024 पासून अमलात आली तेव्हा बाजूस ठेवण्यात आले. जखमीला रस्त्यावर टाकून पळणे आम्हांस मुळीच समर्थनीय वाटत नाही. परंतु थांबलेल्या चालकाला जमाव काय करतो, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे.

सीमाभागातील चालकाच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. 6 डिसेंबर 2022 रोजी हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मालमोटारींच्या काचा फोडण्यात आल्या. त्याच दिवशी पुण्यात कर्नाटकाच्या बसेसना काळे फासण्यात आले. सीमाप्रश्नावर आमचे मत काय आहे ते वाचकांस ठाऊक आहे. पण काच फुटते तेव्हा आत बसलेल्या माणसाची भाषा कोणी विचारून घेत नाही. केए 22 ची गाडी चालविणारा मराठी असतो, एमएच 09 च्या गाडीवर कानडी क्लीनर असतो, आणि दोघेही एकाच धाब्यावर एकाच ताटात जेवलेले असतात. असल्या शौर्याला, ते कोणत्याही बाजूचे असो, आमचा पाठिंबा नाही.

दोन गोष्टी आपल्या हाती आहेत. पोहोच पावतीवर गाडी लागल्याची व सुटल्याची वेळ लिहिण्याचा रिवाज व्यापाऱ्यांनी पाडावा, आणि ठरलेल्या तासांपलीकडे थांबविल्यास चालकाला, मालकाला नव्हे, थांबणावळ द्यावी. दुसरे, बाजार आवारांत मालाला गोदाम असते. चालकाला अंग टाकण्यापुरती पडवी, नळ आणि कुलूप नसलेला शौचकूप मिळावा. यासाठी दिल्लीची वा बंगळूरची परवानगी लागत नाही. बाजार समितीच्या येत्या अंदाजपत्रकात त्यासाठी किती रक्कम धरली जाते, ते आम्ही पाहणार आहो.