वाढदिवसाचे मागणे

वाढदिवस हा मुळात मागण्याचाच दिवस आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. वर्धापनविधीत अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप आणि परशुराम या सात चिरंजीवांचे व त्यांच्या जोडीने मार्कंडेयाचे पूजन करून दीर्घायुष्य मागावयाचे आणि मग तीळ-गूळ घातलेले दूध प्राशन करावयाचे, अशी रीत आहे. तेव्हा पासष्टी ओलांडल्यावर आम्हीही मागण्यांची एक यादी केली, तर तिला कोणी म्हातारचळ म्हणू नये. घरातील मंडळी दर वर्षी 'यंदा काय आणू?' असे विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता शाल आणतात. मोताळ्याच्या उन्हाळ्यात शालीचा उपयोग काय, हे ज्याने येथील वैशाख पाहिला आहे त्यास सांगणे नलगे. शाली आता सात झाल्या आहेत. चिरंजीवांस प्रत्येकी एक पुरेल.

आमची पहिली मागणी दौतीची आहे. अडतीस वर्षे तांबड्या शाईने वह्या तपासणाऱ्या मास्तरास लहान दौत कशी पुरावी? आम्हांस लोणारचे सरोवर हवे. बसाल्टच्या खडकात उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. सन २०२० च्या जून महिन्यात त्याचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला असल्याचे आढळले. पुढे तो ओसरला. शाई अंमळ फिकी होती खरी. परंतु ऱ्हस्व-दीर्घाच्या सध्याच्या दशेस तेवढी मोठी दौतच हवी.

दुसरी मागणी पायांची. सन २०१९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या अरण्यातून एक तरुण वाघ निघाला आणि रानावनांतून, शेताशिवारांतून, तेलंगणाची सीमा ओलांडून सुमारे ३,००० किलोमीटर हिंडत आमच्याच जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. त्याच्या गळ्यात पट्टा होता, म्हणून हा हिशेब कळला. आम्हांस ओसरीच्या तीन पायऱ्या उतरताना खांबाचा आधार लागतो. वाघाने आपले पाय आम्हांस द्यावेत. मोबदल्यात आम्ही त्यास सर्व शाली देऊ.

तिसरी मागणी ऐकून वाचक हसतील. परंतु तिला आधार आहे. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या इंग्रजी ग्रंथकाराने सन १८९१ मध्ये सामोआ बेटावर राहत असता एका मुलीस स्वतःचा वाढदिवसच बक्षीस दिला. तिचा जन्म नाताळच्या दिवशी झालेला, त्यामुळे बिचारीस निराळा असा वाढदिवस मिळत नसे. स्टीव्हन्सनने रीतसर दानपत्र लिहून आपली १३ नोव्हेंबर ही तारीख तिच्या नावे करून दिली. तिने तो दिवस नीट साजरा न केल्यास हा हक्क अमेरिकेच्या अध्यक्षांकडे जावा, अशी अटही त्यात घातली!

हे वाचल्यापासून आम्हांस आमच्या गावाचा वाढदिवस आठवतो. तो १ जून. महाराष्ट्रात या तारखेस जन्मलेले लोक इतके आहेत, की ३१ मे रोजी कचेऱ्यांतून सेवानिवृत्तांची रांग लागते. कारण उघड आहे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ चा असला, तरी खेडोपाडी दाखला घेऊन शाळेत येणारे मूल विरळा. डोक्यावरून हात नेऊन पलीकडच्या कानास लागला, की वय झाले असे धरीत. आणि शाळा जूनमध्ये उघडे, म्हणून रकान्यात १ जून पडे.

परंतु आयांस जन्मदिवस ठाऊक नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. आमच्या टेबलासमोर उभी राहून एक माउली म्हणाली होती, की दुष्काळाच्या साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, खडीच्या कामावरून घरी आल्यावर हे पोर झाले. दुष्काळाचे साल म्हणजे १९७२. पोळा श्रावण अमावास्येचा. त्याचा दुसरा दिवस म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. जुने पंचांग उघडावे आणि इंग्रजी तारीख वाचून घ्यावी! तिने तिथीच सांगितली होती. छापील रकान्यास ती भाषा येत नव्हती, इतकेच.

आता १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशासाठी जन्मदाखला हाच पुरावा असा कायदा झाला आहे. तेव्हा १ जूनची ही जन्मपरंपरा पुढे चालणार नाही. पण ज्यांच्या नावे ती लागली, त्यांच्या आया आज पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत. पोळा, वेचणी, ओढ्याचा पूर, थोरल्या जावेचे लग्न, या खुणा त्यांच्याजवळ आहेत आणि दुसऱ्या कोणाहीजवळ नाहीत. दर वर्षी त्यांतल्या काही जणी जातात, आणि कोणाचा तरी जन्मदिवस त्यांच्याबरोबर जातो.

म्हणून आमचे खरे मागणे हे. दौत मिळाली नाही तरी चालेल, वाघाचे पाय वाघापाशीच असोत. ज्या घरात अशी वृद्धा असेल, मग ती सासू असो, आत्या असो, वा त्या घरी पोळ्या करावयास येणारी बाई असो, त्या घरच्या मुलांनी आज संध्याकाळी तिच्यापाशी बसावे आणि विचारावे, 'तुमची मुले कधी झाली, त्या दिवशी काय चालले होते?' ती सांगेल तसे, तिच्याच शब्दांत, लिहून घ्यावे. आमच्याजवळ जुनी पंचांगे आहेत. साल आणि खूण पटली, तर तारीख काढून देण्याचे काम आमचे. स्टीव्हन्सनने आपला वाढदिवस दुसऱ्यास दिला. ज्याचा त्यास परत देता आला, तर आमचा वाढदिवस पावला.

मात्र शाल पाठवू नये.